मिक्सरच्या भांड्यातली मार्गारिटा

आमच्या घरात टकिला पहिल्यांदा आली ती 1999 साली. डॅलसहून आलेल्या मामेभावाच्या बॅगेतून, दोन टॉवेलांत गुंडाळून. ती प्यायची कशी, हे त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं. हाताच्या पाठीवर मीठ ठेवायचं, चाटायचं, घोट एका दमात घ्यायचा आणि वर लिंबाची फोड चोखायची, एवढंच तो सांगत होता. आम्ही तसं केलं. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला, आणि बाटली कपाटात गेली ती पुढच्या मे महिन्यापर्यंत.

मेमध्ये आमरस उरला. त्यात दोन टोपणं टकिला, एक लिंबू, मूठभर बर्फ घालून सगळं मिक्सरमध्ये फिरवलं. भांडं आदल्या दिवशी लसणाच्या चटणीला वापरलेलं. भांडं घासलं होतं, पण झाकणाच्या रबरात वास राहतोच. आंबा, टकिला आणि लसूण! तरीही दोन ग्लास संपले, म्हणजे कल्पनेत दम होता. हा आमचाच शोध, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत होतं.

तो शोध आमच्या आधी साठेक वर्षं लागून गेला होता. लंडनमध्ये 1937 साली ‘कॅफे रॉयल कॉकटेल बुक’ निघालं. त्यात विल्यम टार्लिंगने ‘पिकाडोर’ नावाचं एक पेय दिलं आहे: अर्धा भाग टकिला, पाव भाग क्वांत्रो हे संत्र्याचं मद्य, पाव भाग लिंबाचा रस. आज ज्याला आपण मार्गारिटा म्हणतो ते हेच, फक्त नाव वेगळं. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदवाल्याने एक ब्लेंडर बाजारात आणला. पेय आणि यंत्र एकाच वर्षी पुढे आली, पण त्यांची गाठ पडायला वेळ लागला.

मार्गारिटा नक्की कुणाची, या वादात मी पडत नाही. तिहुआनाजवळचा एक उपाहारगृहवाला, हुआरेझचा एक बारवाला, अकापुल्कोत पार्ट्या देणाऱ्या एक धनिक बाई, असे दावेदार बरेच आहेत. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, यासारखाच हा खटला. निकाल लागणार नाही आणि लागूही नये. ‘एस्क्वायर’ मासिकाने डिसेंबर 1953 मध्ये तिची कृती छापली, तोवर नाव रुळलं होतं. मार्गारिटा म्हणजे स्पॅनिशमध्ये डेझीचं फूल.

खरी उलथापालथ झाली ती डॅलसमध्ये. मारियानो मार्टिनेझ हा 26 वर्षांचा तरुण. त्याने 1971 मध्ये मेक्सिकन उपाहारगृह काढलं. लोक बर्फात फिरवलेली मार्गारिटा मागत आणि बारवाला दिवसभर लिंबं कापून आणि ब्लेंडर फिरवून कावला होता. शिवाय प्रत्येक ग्लासाची चव वेगळी. मार्टिनेझला एका दुकानात बर्फाळ सरबताचं यंत्र दिसलं आणि त्याने सॉफ्टी आइस्क्रीमचं एक जुनं यंत्र घेऊन त्यात मार्गारिटा गोठवली. मद्य सहजासहजी गोठत नाही. साखरेचं प्रमाण वाढवलं तेव्हा कुठे गणित जमलं. त्याने पेटंट घेतलं नाही. बघता बघता तसली यंत्रं सगळीकडे झाली आणि त्यांच्या मागोमाग स्ट्रॉबेरी, पीच, आंबा अशा रंगांच्या मार्गारिटा आल्या. मूळ यंत्र 2005 पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भावाकडे डॅलसला मी 2008 मध्ये गेले, तेव्हा असली यंत्रातली मार्गारिटा प्यायले. सूपच्या वाडग्याएवढा ग्लास, गुलाबी रंग, दुसऱ्या घोटाला कपाळात कळ. टकिला कुठे लागतच नव्हती. मग मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात स्ट्रॉबेरी मार्गारिटा मागवली, तर बाटलीतलं सिरप आणि बर्फाचा चुरा आला. बिल मात्र खऱ्या स्ट्रॉबेरीचं होतं.

या गोडव्याचं मूळ टकिलातच आहे, असं माझं मत. टकिला होते ती निळ्या अगेव्हपासून. त्याचा चुलतभाऊ आपल्याला चांगला ठाऊक आहे: शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेने कुंपणाला लावलेला, दोर वळायला उपयोगी पडणारा घायपात. निळं अगेव्ह तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात. फुलाचा दांडा येण्याआधी पाती छाटून आतला गड्डा काढतात. तो छाटल्यावर अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला तिकडे अननसच म्हणतात. तो शिजवून, पिळून, रस आंबवून गाळायचा. एवढी वर्षं थांबणं परवडत नाही म्हणून नियमानेच पळवाट ठेवली आहे: किमान 51 टक्के साखर अगेव्हची असली की उरलेली उसाची चालते. अशी टकिला घशाला ओरखडे काढते, आणि तिचा कडवटपणा दडवायला सिरप लागतं. कितीतरी वर्षं या पेयात फळाला एवढंच काम होतं.

ते बदललं ते 1990 च्या सुमाराला. सॅन फ्रान्सिस्कोत ‘टॉमीज’ हे कुटुंबाचं मेक्सिकन उपाहारगृह चालवणाऱ्या हुलिओ बर्मेहोने शंभर टक्के अगेव्हची टकिला घेतली, संत्र्याचं मद्य काढून टाकलं आणि त्याजागी अगेव्हचाच पाक घातला. टकिला, लिंबू, पाक. संपलं. टकिला स्वतःच बरी लागायला लागल्यावर फळ कमी घालूनही चालतं, हे मला त्याची कृती करून पाहिल्यावर कळलं. त्याआधी मी अर्धा ग्लास आमरस ओतत असे.

आपल्याकडच्या लिंबाची गोष्टही सांगायला हवी. अमेरिकेत मोठं, बिनबियांचं, जाड सालीचं लिंबू मिळतं. मेक्सिकोत मात्र आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. मूळचं आशियातलं हे लिंबू स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं. आंबाही मनिलाहून जहाजांतून अकापुल्कोला उतरला. तिथल्या एका आंब्याचं नाव आजही मनिला. उलट पेरू, सीताफळ, चिकू तिकडून आपल्याकडे आले. मेक्सिकोत गाडीवर आंब्याची फोड तिखट-मीठ-लिंबू लावून देतात, आणि आपली कैरीची गाडी काय वेगळी असते? म्हणून ग्लासाच्या काठाला मी नुसतं मीठ लावत नाही, मीठ आणि लाल तिखट लावते.

पंचवीस वर्षांत बरंच फिरवून पाहिलं. सीताफळ साफ फसलं, दुधासारखं लागतं. चिकूची चव मातकट झाली. पेरू आणि काळं मीठ उत्तम, पण बिया गाळून घ्याव्या लागतात. कोकम आगळ मुळातच खारट, त्यामुळे काठाला मीठ नको. आणि आंब्यात हापूसपेक्षा पायरी सरस. हापूस फोडी करून खायचा. रसाला पायरीच हवी, तिची आंबूस छटा टकिलाशी जमते.

मधल्या काळात बाटलीही बदलली. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरच्या अगेव्हपासून केलेलं मद्य 2011 मध्ये गोव्यात बाजारात आणलं. त्याला टकिला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोने 1974 मध्ये आपल्याकडे राखून ठेवलं आहे. पण मिक्सरला नावाशी कर्तव्य नाही, आणि बाटलीसाठी भावाच्या बॅगेची वाट बघायला लागत नाही.

आता जी करते ती अशी. पायरीचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा, म्हणजे पाण्याचा बर्फ घालावा लागत नाही आणि पेय पचपचीत होत नाही. एका ग्लासाला 60 मिली टकिला, तेवढ्याच रसाच्या वड्या, 25 मिली लिंबाचा रस, आणि संत्र्याची साल घालून उकळलेल्या साखरेच्या पाकाचे दोन चहाचे चमचे. चिमूटभर मीठ. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि वड्या पाणी होतात.

महाराष्ट्रात असलं मद्य प्यायला पंचवीस वर्षं पूर्ण आणि परवाना लागतो, हे लक्षात असू द्या. लिंबं आयत्या वेळी पिळा, बाटलीतला रस नको. आणि झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा.