जिराफ, गळ आणि न वटलेले चेक

इंग्लंडच्या चार्ल्टन घराण्यात गोल करून नाव कमावलं ते धाकट्या बॉबीने. थोरला जॅक उंच, काटकुळा, लांब मानेचा. लोक त्याला ‘जिराफ’च म्हणायचे. फुटबॉलमध्ये त्याचं काम बचावपटूचं, समोरच्याला अडवायचं, आणि अडवणाऱ्याचे फोटो कोण छापतो? पण किस्से काढायला बसलं की थोरला धाकट्याला सहज मागे टाकतो. हे घ्या त्यातले काही.

मामांची फळी
जॅकचा जन्म 1935चा, उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅशिंग्टन या कोळसा खाणींच्या गावातला. वडील खाणकामगार. चार मामा मात्र व्यावसायिक फुटबॉलपटू! भरीला न्यूकॅसलचा स्टार जॅकी मिलबर्न हा आईचा चुलतभाऊ.

पोलिस होता होता वाचला
शाळा सुटल्यावर जॅक खाणीत उतरला, पण ते काम काही मानवेना. मग पोलिसात अर्ज केला. नेमकी मुलाखत आणि लीड्स युनायटेडची चाचणी एकाच वेळी आली. जॅकने मुलाखतीवर पाणी सोडलं. पुढे 1953 ते 1973 अशी वीस वर्षं तो लीड्सकडून खेळला. सामने 773, आणि क्लब आयुष्यभर एकच.

आनंद सांगायची जागा चुकली
1965 साली एफए कपच्या उपांत्य फेरीत लीड्सने बॉबीच्या मँचेस्टर युनायटेडला हरवलं. सामना संपल्यावर जॅकला कळलं, आपली इंग्लंडच्या संघात निवड झालीय! तिशीला महिनाभर उरला असताना पहिली संधी. गडी धावत सुटला तो थेट मँचेस्टर युनायटेडच्या ड्रेसिंग रूममध्ये, भावाला सांगायला. बॉबीने अभिनंदन केलं. बाकी सगळे नुकतेच हरून तोंड पाडून बसलेले. त्यांना या आनंदाचं काय कौतुक!

‘मलाच का घेतलंत?’
असं त्याने इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांना एकदा विचारलंच. उत्तराचा मथितार्थ असा: मी दरवेळी सर्वोत्तम खेळाडू निवडतोच असं नाही, माझ्या आखणीत बसणारे निवडतो. कौतुक की टोमणा, तुम्हीच ठरवा. जॅकने धडा मात्र पक्का गिरवला. पुढे मॅनेजर म्हणून त्याने हेच केलं.

विश्वविजेता सोफ्यावर
1966च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंड 2-1 पुढे, सामना संपायला मिनिटभर. तेवढ्यात पंचांनी जॅकचा फाउल दिला आणि त्या फ्री किकवरून पश्चिम जर्मनीने बरोबरी साधली. सुदैवाने जादा वेळेत इंग्लंड 4-2 जिंकलं. त्या रात्री जल्लोष करत भटकलेला हा विश्वविजेता झोपला कुठे? लंडनमधल्या एका अनोळखी घरात, सोफ्यावर!

काळी वही
1970 मध्ये टीव्हीवर तो बोलून गेला, की ज्यांचे हिशेब चुकते करायचेत अशा दोघांची नावं माझ्या वहीत आहेत. झालं! फुटबॉल संघटनेने चौकशी लावली. गंमत म्हणजे वही अस्तित्वातच नव्हती.

पहिलाच हंगाम, थेट विजेतेपद
1973 मध्ये बूट उतरवले आणि मिडल्सब्रो क्लबची सूत्रं घेतली. पहिल्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, तेही 15 गुणांच्या फरकाने. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत, हे लक्षात घ्या. 1977 मध्ये त्याने इंग्लंडच्या मॅनेजरपदासाठी अर्ज केला. नकार आला असता तरी चाललं असतं. साधी पोचही आली नाही.

आजी कुठली?
1986 मध्ये आयर्लंडने त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं. आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला असला तरी त्या संघातून खेळता येई. जॅकने या नियमाचा पुरेपूर फायदा उठवला. ग्लासगोत जन्मलेल्या रे हाउटनचे तर वडीलच आयरिश. 1988च्या युरो स्पर्धेत त्याच्याच हेडरने आयर्लंडने इंग्लंडला 1-0 हरवलं. ही त्यांची पहिलीच मोठी स्पर्धा आणि तिच्यातला पहिलाच सामना!

न जिंकता अंतिम आठात
1990च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडने पाच सामन्यांत गोल केले फक्त दोन. एकही सामना खेळाच्या वेळेत जिंकला नाही. तीन बरोबऱ्या, रुमानियाविरुद्ध पेनल्टी शूटआउट आणि थेट उपांत्यपूर्व फेरी! तिथे यजमान इटलीने 1-0 अडवलं. बचावपटूने बांधलेला संघ म्हणतात तो हा.

भांडण फळाला आलं
1994चा वर्ल्ड कप, ऑरलँडो. भर दुपारचं ऊन, मेक्सिको 2-0 पुढे. बदली खेळाडू जॉन आल्ड्रिज साइडलाइनवर ताटकळतोय आणि अधिकारी त्याला आत सोडेना. आल्ड्रिजचा पारा चढला, जॅकचा त्याहून जास्त. दोघांनी मिळून अधिकाऱ्याला फैलावर घेतलं. अखेर आल्ड्रिज आत गेला आणि हेडरने गोल केला. सामना 2-1 गेला खरा, पण गटातल्या चारही संघांचे गुण सारखे झाले आणि त्या एका गोलानेच आयर्लंडला तारलं. नाहीतर ते तळाला गेले असते. जॅकला मात्र दंड झाला, आणि पुढच्या सामन्यात साइडलाइनवर यायला बंदी.

इंग्रज, पण आपला
1996 मध्ये आयर्लंडने त्याला मानद नागरिकत्व दिलं. कॉर्क विमानतळावर त्याचा पुतळाही आहे. त्यात त्याच्या हातात आहे मासा. गळ टाकून बसणं हा त्याचा जुना नाद. आणि असं सांगतात, की आयर्लंडमध्ये जॅक बिनधास्त चेक फाडायचा. त्याची सही असलेला चेक बँकेत भरायला कुणाचं मन होईना. इंग्लंडने त्याच्या कागदाला उत्तर दिलं नाही, आयर्लंडने त्याचा कागद हातचा सोडला नाही!