मालमोटारीची दुरुस्ती आणि आयकर

हजिऱ्याहून निघून सुरत, बारडोली, व्यारा, नवापूर या मार्गाने धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर इच्छापोर हे गाव अगदी आरंभीच लागते. या महामार्गाचा जुना क्रमांक ६, आताचा ५३. आपणां धान्याच्या व्यापाऱ्यांचा खानदेशाशी असलेला व्यवहार याच रस्त्याने चालतो, आणि तो ज्यांच्या जिवावर चालतो त्यांपैकी पुष्कळजण स्वतःच गाडीचे मालक व स्वतःच चालक असतात. एखाददुसरी मालमोटार, तीही बहुधा कर्जावर घेतलेली. अशा माणसाची वर्षाची शिल्लक कित्येकदा क्लच प्लेट, पाटे आणि टायर यांतच खर्ची पडते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च आयकरात वजा मिळतो की नाही, हा त्याच्या दृष्टीने संसाराचा प्रश्न होय.

तत्त्वतः उत्तर सोपे आहे. धंद्यात वापरलेल्या गाडीची चालू दुरुस्ती नफ्यातून वजा करता येते. विमा कंपनीने भरून दिलेली रक्कम मात्र आपला खर्च म्हणून दाखविता येत नाही. आता चालू दुरुस्ती कशास म्हणावे? न्यू शोरॉक मिलच्या प्रकरणी १९५६ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी कसोटी घालून दिली: खर्च आहे ती वस्तू राखण्यासाठी झाला, की त्यातून नवी वस्तू निर्माण झाली? पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हीच कसोटी मान्य केली. इंजिन बोअर करणे, ब्रेक बदलणे ही दुरुस्ती. परंतु समूळ नवे इंजिन बसविल्यास वाद संभवतो. १९६४ साली एका बसमालकाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने बसमध्ये नव्याने बसविलेले डिझेल इंजिन हे स्वतंत्र यंत्र मानून त्यावर घसारा मंजूर केला. भाड्याने चालणाऱ्या मालमोटारीस घसाऱ्याचा दर सामान्यतः ३० टक्के आहे; म्हणजे पैसा बुडत नाही, पण एका वर्षात हाती येत नाही.

खरी मेख निराळीच आहे. दहापर्यंत मालगाड्या बाळगणाऱ्यांसाठी १९९४ साली १९६१ च्या कायद्यात कलम ४४एई घालण्यात आले, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या कायद्यातही ती योजना कायम ठेवली आहे. हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरीव उत्पन्न दाखवावे, अशी ही सवलत. लहान टेम्पोस दरमहा ७,५०० रुपये. गाडी व माल मिळून १२ टनांवरील गाडीस दर टनामागे दरमहा १,००० रुपये. प्रत्यक्ष कमाई याहून अधिक दाखविली तर तीच धरावयाची. परंतु या ठरीव आकड्यात डिझेल, दुरुस्ती, घसारा सारे वजा झाले असे कायदा गृहीत धरतो. मग गॅरेजची पावती कितीही मोठी असो, तिचा उपयोग शून्य!

साडेअठरा टनांच्या गाडीचे वर्षाचे ठरीव उत्पन्न २,२२,००० रुपये होते. ती तीन महिने जॅकवर उभी राहिली तरी त्या तीन महिन्यांचे ५५,५०० रुपये उत्पन्नात धरले जातातच, कारण येथे मालकीचे महिने मोजतात, धावण्याचे नव्हे. टेम्पोवाल्याचे वर्षाचे ९०,००० होतात. दुसरे उत्पन्न नसेल तर त्याला कर लागतच नाही, त्याने वह्यांच्या फंदात पडू नये हे बरे. अवजड गाडीवाल्याने मात्र वाईट वर्षी गणित मांडावे. रोजकीर्द व खतावणी नीट ठेवून हिशेबतपासनिसाकडून तपासून घेतल्यास खरा, कमी नफा दाखविता येतो, आणि पुढील वर्षी पुन्हा ठरीव पद्धतीकडे वळता येते. तपासनिसाची फी आधी विचारावी. ती वाचलेल्या करापेक्षा अधिक भरली तर सारा खटाटोप व्यर्थ.

टॅक्सी, रिक्षावाल्यांना ही योजना नाही. त्यांच्या जमेच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरतात. आणि त्या पद्धतीतून एकदा बाहेर पडले की पाच वर्षे परत येता येत नाही.

वह्या ठेवणाऱ्याने पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख व सुट्या भागांचा तपशील लिहून घ्यावा. आमच्याकडे माल उतरविणाऱ्या चालकांच्या खिशात विडीच्या वेष्टनावर खरडलेले मिस्त्र्यांचे आकडे आम्ही पाहतो. त्यांना कोण विचारणार? शिवाय एका गॅरेजला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिल्यास तो खर्च अमान्य होतो. आपण व्यापारी गाडीवाल्यास भाडे देतो तेथे हीच मर्यादा ३५,००० आहे. आणि दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचे त्याने पॅन क्रमांकासह लिहून दिले, तर भाड्यातून करकपात करावी लागत नाही. तो कागद बिल्टीसोबत घेऊन फाइलीस लावावा.