कृष्णवर्णीयांचा इतिहास लहान मुलांस घरीं कसा शिकवावा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षीं फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. ही चाल कार्टर वुडसन या विद्वान गृहस्थांनीं पाडली. त्यांचे आईबाप एके काळीं गुलाम होते. स्वतः त्यांनीं तरुणपणीं कोळशाच्या खाणींत काम केलें, व पुढें १९१२ सालीं हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. शाळेच्या पुस्तकांत आपल्या लोकांच्या कर्तृत्वास जागाच नाहीं हें पाहून त्यांनीं १९२६ सालीं एक सप्ताह ठरविला. १९७६ पासून सप्ताहाचा महिना झाला.

हा दूरदेशचा इतिहास आमच्या मुलांस कशाला, असें कोणी पालक विचारतील. त्यांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें, तें त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें आहे. तेव्हां हा विषय मराठी घरांत आज प्रथमच येत आहे असें नव्हे.

खरी अडचण निराळीच आहे. पांच-सहा वर्षांच्या मुलास हा इतिहास सांगावा तरी कसा? साखळदंड व चाबूक यांची वर्णनें ऐकून मूल रात्रीं दचकून उठेल. आणि सर्वच वगळलें तर तो इतिहास राहणार नाहीं. आमच्या मतें सत्य थोडक्यांत परंतु स्पष्ट सांगावें: आफ्रिकेंतील माणसांस धरून, जहाजांत घालून, समुद्रापलीकडे विकलें, तंबाखू, ऊस व कापूस यांच्या शेतांत त्यांजकडून फुकट काम करवून घेतलें, १६१९ सालीं व्हर्जिनियांत हें सुरू झालें व १८६५ सालीं कायद्यानें बंद झालें. "त्यांनाच कां धरलें?" असें मूल हटकून विचारील. "ते काळे होते म्हणून" हें उत्तर देऊं नये. फुकटचे मजूर हवे होते, हें कारण. रंगाची सबब पुढें केली गेली. गुलामांच्या बाजाराचें नाटक मात्र मुलांकडून कधींही करवूं नये. ज्या मुलाला दोरी बांधली जाते, त्याला इतिहास समजत नाहीं, अपमान तेवढा समजतो.

याउलट, त्या लोकांनीं काय केलें तें आपल्या हातांनीं करून पाहण्यांत मुलें रमतात. फ्रेडरिक डग्लस यांचेंच पाहा. त्यांस बाल्टिमोर येथील मालकिणीनें अक्षरें शिकविण्यास आरंभ केला, तों मालकानें तें बंद पाडलें. कारण गुलाम वाचूं लागला कीं तो गुलाम राहत नाहीं. मग हा मुलगा रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांस पावाचे तुकडे देऊन त्यांजकडून धडे घेई, आणि गोदींत सुतार लाकडांवर खुणेचीं अक्षरें काढीत तीं पाहून लिहावयास शिके. घरीं एक दिवस पाटी-पुस्तक बाजूस ठेवावें, आणि मुलानें डबे, पोतीं, दुकानांच्या पाट्या यांवरूनच नवीं अक्षरें गोळा करून खडूनें अंगणांत काढावीं. वाचण्याची मनाई म्हणजे काय, हें त्याला व्याख्यानावांचून कळेल.

दुसरी गोष्ट हॅरिएट टबमन यांची. मेरीलँडमधील ही बाई १८४९ सालीं दास्यांतून पळाली, व पुढें सुमारें तेरा वेळां परत जाऊन आईबाप व भाऊ धरून सत्तरेक माणसें तिनें सोडवून आणिलीं. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. ती बहुधा हिवाळ्याच्या लांब रात्रीं निवडी, आणि शनिवारीं निघे. कारण पळालेल्या गुलामांची जाहिरात सोमवारपूर्वीं छापून येत नसे. (ही युक्ति मुलांस फार आवडते असा आमचा अनुभव आहे.) उत्तरेची वाट तिला ध्रुव दाखवी. फेब्रुवारींत रात्रीं नऊनंतर सप्तर्षि ईशान्येस वर आलेले असतात. त्यांतील पुलहापासून क्रतूपर्यंत रेषा काढून ती त्या अंतराच्या पांचपट पुढें नेली कीं ध्रुव सांपडतो. आतां हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवीत जावें. एक मूठ म्हणजे सुमारें दहा अंश. आमच्या महाराष्ट्रांत ध्रुव दोन मुठींच्या आसपास दिसतो. मेरीलँडमध्यें तोच चार मुठींवर असतो, आणि कानडाकडे जावें तसा आणखी वर चढतो. गच्चीवर थंडींत उभें राहून मुठी मोजणाऱ्या मुलाला, अंधारांत चालणाऱ्या त्या माणसांची कल्पना नकाशापेक्षां अधिक चांगली येते.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें नांव वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळें आपल्याकडे घरोघर पोंचलें आहे. वारंवार कापूस घेऊन दक्षिणेंतील जमिनी निकस झाल्या होत्या. कार्व्हर १८९६ सालीं अलाबामांतील टस्कीगी येथील शाळेंत आले, आणि कापसाच्या जागीं आळीपाळीनें भुईमूग, चवळी व रताळीं लावा, असें गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांस सांगूं लागले. भुईमुगानें जमीन कां सुधारते तें डोळ्यांनीं पाहतां येतें. तळाशीं भोकें पाडलेल्या डब्यांत शेताची माती घालून न भाजलेले पांच-सहा दाणे लावावे. सुमारें सहा आठवड्यांनीं एक रोप अलगद उपटून मुळें धुवावीं. त्यांवर बारीक गांठी दिसतील. एक गांठ नखानें फोडावी. आंत लालसर रंग असला तर तेथील जंतु हवेंतील नत्र धरून रोपास देत आहेत असें समजावें. उरलेल्या रोपांचीं पिवळीं फुलें गळल्यावर त्यांचे देंठ मातींत शिरून शेंगा धरतात, हेंही मुलांस पाहूं द्यावें. कार्व्हर यांनीं १९१६ सालीं भुईमुगाचे १०५ पदार्थ छापून प्रसिद्ध केले. आपल्या घरीं कूट, चटणी, चिक्की, लाडू, उपासाची आमटी असें करीत किती होतात, याची यादी मुलानें आजीस विचारून करावी. शेंगदाण्याचें लोणी कार्व्हर यांनीं शोधलें असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात, तें खरें नाहीं. थोर माणसांस खोटीं भूषणें लागत नाहींत.

१ डिसेंबर १९५५ रोजीं माँटगोमेरी शहरांत रोझा पार्क्स यांनीं गोऱ्या उतारूसाठीं जागा सोडण्याचें नाकारलें, व त्यानंतर तेथील कृष्णवर्णीयांनीं ३८१ दिवस बसगाडीवर बहिष्कार घातला. बाजारचा एक दिवस गाडीवांचून पिशव्या वाहून पाहावा, आणि मग दिनदर्शिकेवर ३८१ दिवस मोजावे.

मात्र हें सर्व करून घरांत "उन्हांत जाऊं नको, काळी होशील" हें वाक्य चालूंच राहिलें तर आमचे कष्ट वायां गेले. केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्यानें १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढें केवळ रंगानें भिन्न अशा बाहुल्या ठेविल्या. बहुतेक मुलांनीं गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. १९५४ सालीं वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणें बेकायदा ठरलें, त्या निकालांत या प्रकारच्या पुराव्याची दखल घेतली गेली. बाहुल्यांची ही परीक्षा आपल्या मुलांची घेऊं नये. त्याऐवजीं घरांतील सर्वांनीं एका मोठ्या कागदावर आपापले हात ठेवून रेघ ओढावी, आणि मुलानें प्रत्येक हाताजवळ ब्रश नेत, तपकिरी, पिवळा, तांबडा व पांढरा मिसळून त्या त्या हाताचा नेमका रंग तयार करावा. खडूंच्या पेटींत ज्या फिक्या गुलाबी कांडीला मुलें 'अंगाचा रंग' म्हणतात, ती घरांतल्या एकाही हाताशीं जुळत नाहीं, हें त्यांचें त्यांसच आढळेल. तपकिरी रंग मात्र आधींच दुप्पट आणून ठेवावा. तोच प्रथम संपतो.