बोलक्या डब्याचे भाडे

आठवडे बाजारात भाजीवाल्या मावशीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळीकडे आता क्यूआर कोडची पाटी दिसते. शेजारी पैसे आल्याची वर्दी देणारा बोलका डबा, म्हणजे साउंडबॉक्स. डबा देताना पोऱ्या म्हणतो, "फुकट आहे, काका!" महिनाअखेरीस मात्र खात्यातून पैसे गेलेले असतात. महिन्याला शंभर गेले तरी वर्षाचे बाराशे होतात. हा घामाचा पैसा आहे.

दुकानदार बंधू-भगिनींनो, आधी कशाचे पैसे कापले ते पाहा. गिऱ्हाइकाने आपल्या बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले, तर त्या व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. डब्याचे भाडे ही वेगळी बाब. ते ठरलेल्या करारावर असते. तुम्ही ते कबूल केले होते का, हाच खरा प्रश्न.

कबूल केले नसेल तर गप्प बसू नका. खातेउतारा काढा, कापलेल्या तारखा लिहा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. डबा परत केला तर पोच मागा. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

बँकेने किंवा परवानाधारक वॉलेट कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. इतर कंपन्यांबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा.

रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका. आपण सोडतो, म्हणूनच ती कापली जाते.