वार्षिकाची वेलांटी

शाळेच्या हस्तलिखिताची प्रत एकच असते. चांगल्या अक्षराची दोन-चार मुलं तासांना दांडी मारून कार्डशीटवर समास आखतात, स्केचपेनने शीर्षकं रंगवतात. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे त्याची रेशमी फीत सोडतात आणि मग ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जातं. ज्यांनी लिहिलं त्यांनाही ते पुन्हा दिसत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या शाळांना हस्तलिखितांतला आणि छापील वार्षिकांतला आपला मजकूर ऑनलाइन न्यायचा तर नेमकं कुठे अडतं, हे बघून यायला संपादकांनी मला सांगितलं होतं. मला वाटलं होतं, पैसे आणि संगणक एवढ्यावरच गोष्ट अडत असेल. खरी अडवणूक करते ती वेलांटी.

आधी थोडा इतिहास. मुलांच्या वर्तमानपत्राची आपल्याकडची सर्वांत लोभस गोष्ट अमळनेरची आहे. १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झालेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतः हाताने लिहीत. मासिक नव्हे, दैनिक! १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं. पुढे १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं, आणि त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. पण ‘किशोर’ मुलांसाठी मोठ्यांनी काढलेलं मासिक आहे. मुलांनी स्वतः काढलेल्या अंकांची अशी सोय कुणी लावलेली नाही.

ही सोय का हवी, ते बदलापूरच्या उदाहरणाने सांगतो. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीने या भागाची दैना केली. चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ ला, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी मुंबईहून वार्ताहर पोचायच्या आधी गावातली मुलं तिथलं पाणी बघत होती. नववीतल्या एखादीने पाणी कुठवर आलं, कुणी कुणाला जेवण दिलं, हे दोनशे शब्दांत लिहिलं असेल तर ती पहिल्या दर्जाची बातमी आहे. शाळेच्या फळ्यावर लिहिलेली बातमी दुसऱ्या दिवशी डस्टरने पुसली जाते. वार्षिकात छापलेली कपाटात राहते.

बहुतेक ठिकाणी ‘ऑनलाइन केलं’ याचा अर्थ अंकाची पीडीएफ करून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, एवढाच असतो. २०२० च्या टाळेबंदीत छपाईच बंद पडली तेव्हा ही वाट रूढ झाली, आणि तेव्हा तिने अनेक अंक वाचवले, हे मान्य करायला हवं. पण त्या फाइलमध्ये ‘महालक्ष्मी’ असा शब्द शोधून बघा. बहुधा काही सापडत नाही. अक्षरं डोळ्यांना दिसतात, यंत्राला दिसत नाहीत.

याचं कारण मला अंबरनाथच्या एका डीटीपी केंद्रात समजलं. तिथल्या ताई शाळांची वार्षिकं, लग्नपत्रिका आणि गणेश मंडळांचे अहवाल करत आल्या आहेत. मराठी डीटीपी वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींच्या फाँटांवर चाललं. त्यांतल्या जुन्या फाँटांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतांक, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की पानभर अगम्य चिन्हं.

ताईंनी एकच शब्द घेऊन मला दाखवलं: वार्षिक. जुन्या फाँटात तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवतात. व, काना, मग पहिली वेलांटी, मग ष, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, शेवटी क. काही फाँटांत तर अर्धा ष आणि त्याची उभी दांडी वेगवेगळ्या, आणि वेलांटी व रफार मिळून एकच खूण. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा सांकेतांक देणाऱ्या नव्या पद्धतीत, शब्द तोंडाने उच्चारतो त्या क्रमाने साठवला जातो: व, काना, र, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, क. म्हणजे रूपांतर करताना वेलांटीला ष ओलांडून मागे जायचं आणि रफाराला ष ओलांडून पुढे यायचं. एका शब्दात दोन उड्या. चौसष्ट पानी अंकात अशा किती होत असतील!

“पण हे तर सॉफ्टवेअर करतं ना, ताई?”

“करतं हो. पण त्याला आचारी आणि आचार्य सारखेच.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पोषण आहाराच्या बातमीत ‘आचाऱ्यांनी खिचडी वाढली’ असं मूळ वाक्य होतं. रूपांतरात ते ‘आचार्यांनी खिचडी वाढली’ झालं होतं. ‘ऱ्या’मधला तो छोटा आडवा र वेगळ्या सांकेतांकाने लिहावा लागतो, आणि तो चुकला की कोपऱ्यात, वाऱ्यावर, दुसऱ्या असे सगळेच शब्द बिघडतात. ताई ते एकेक करून सुधारत होत्या. छापील मजकूर डावीकडे, पडदा उजवीकडे, आणि ओळीखाली धरलेली पट्टी. या कामाचे वेगळे पैसे शाळा देत नाहीत, कारण ‘टाइप तर आधीच केलंय’.

आणखी एक खोच आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि कित्येक जण आजही तसंच लिहितात. दोन्ही दिसायला एकसारखे, साठवणीत वेगळे. एका पद्धतीने ‘ॲथलेटिक्स’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली धावण्याच्या शर्यतीची बातमी हाती लागेलच असं नाही.

उल्हासनगरात हा प्रश्न आणखी खोल जातो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी कुटुंबांचं हे शहर. सिंधीला १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत जागा मिळाली आणि ती अरबी व देवनागरी या दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. श्वास आत ओढून उच्चारायच्या तिच्या चार ध्वनींसाठी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये ती सगळी यायला २००६ उजाडलं. इथल्या एखाद्या शाळेच्या अंकात आजीच्या तोंडची सिंधी गोष्ट नातवाने देवनागरीत लिहायची ठरवली, तर जुन्या मराठी फाँटात ही अक्षरं कुठून आणणार? नव्या पद्धतीत ती आहेत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की पुढचे अंक मुलांनीच थेट युनिकोडमध्ये टाइप करावेत. फोनवर ती दिवसभर मराठी लिहितातच. जुने अंक मात्र ताईंसारख्या माणसांना रीतसर पैसे देऊनच करून घ्यावे लागतील.

अक्षरं सुटली की माणसांचा प्रश्न येतो. छापील वार्षिकात ‘आठवी ब’ची यादी फोटोसकट छापताना कुणी दोनदा विचार करत नव्हतं. ऑनलाइन तीच यादी जगापुढे जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी म्हटलं आहे. बदलापुरात तर या सावधगिरीला जखमेची पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली, २० ऑगस्टला लोक स्टेशनात रुळांवर उतरले आणि गाड्या तासन्‌तास थांबल्या. पीडित बालकाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याची मनाई आहे, ही गोष्ट अशा वेळी मोठी माणसंही विसरतात. विद्यार्थी-वार्ताहराला ती पहिल्या दिवशी शिकवली पाहिजे. पण म्हणून त्या दिवसाबद्दल मुलांनी काहीच लिहायचं नाही, हेही मला पटत नाही. शाळेत जायची भीती वाटली का, घरी काय बोलणं झालं, हे कुणाचंही नाव न घेता लिहिता येतं.

आणि ते छापायचं की नाही हे कोण ठरवणार? अमेरिकेत हेझलवूड शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या अंकातली दोन पानं काढून टाकली. विषय होते अल्पवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्याध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे असा वाद न्यायालयापर्यंत जायची गरजच पडत नाही. सर लाल पेनने रेघ मारतात आणि विषय संपतो. ऑनलाइन अंकात तर छापून झालेला मजकूरही मागाहून गुपचूप काढता येतो. निदान काय बदललं आणि कधी, याची नोंद खाली ठेवायचा नियम शाळांनी करावा.

सर्वांत साधी अडचण सर्वांत जास्त अंक गिळते. खातं उत्साही सरांच्या खासगी मोबाइलवर उघडलेलं असतं. सर निवृत्त होतात किंवा बदलून जातात, दहावीची मुलं पांगतात आणि ओटीपी अजूनही सरांच्याच फोनवर जातो. कधी तर सेवा देणारी कंपनीच गाशा गुंडाळते. २००९ साली जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद झाली तेव्हा जगभरच्या हौशी लोकांची लक्षावधी पानं एका झटक्यात गेली. तेव्हा खातं शाळेच्या नावावर, दोन शिक्षकांच्या क्रमांकांना जोडलेलं असावं. दर जूनमध्ये ते नव्या संपादक मुलांच्या हाती द्यावं आणि वार्षिक शुल्क शाळेच्या अंदाजपत्रकात धरावं. शिवाय प्रत्येक अंकाच्या दोन प्रती कागदावर काढाव्यात: एक शाळेच्या ग्रंथालयात, दुसरी गावातल्या वाचनालयात. बदलापुरात तर श्याम जोशी यांनी जुन्या मराठी ग्रंथांसाठी आणि नियतकालिकांसाठी उभारलेलं ‘ग्रंथसखा’ आहे. शाळांनी आधी तिथे जाऊन विचारावं.