कोकणातील शाकारणी : सामूहिक श्रमसाहाय्याचे स्वरूप व सद्यःस्थिती

पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर उतरवून ते नव्याने घालण्याच्या कामास कोकणात शाकारणी म्हणतात. किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे लागते.

केंबळी घरावर पेंढा किंवा गवत दरवर्षी नवे घालावे लागे. कौलारू घराचे काम अधिक नाजूक असते. कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, शेवाळ खरवडायचे, वाळवीने पोखरलेले वासे व रिपा बदलायच्या आणि वळचणीपासून आढ्याकडे कौले पुन्हा रचत जायचे, असा त्याचा क्रम आहे. पूर्वी कुंभाराने घडवलेली नळीची कौले सर्वत्र असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर खाचांची चपटी कौले हळूहळू रूढ झाली. ती अधिक टिकाऊ असली तरी वानरांच्या उड्यांपुढे त्यांचाही निभाव लागत नाही.

उघडलेले पाखे शक्यतो त्याच दिवशी झाकले जावे लागते, कारण वळवाचा पाऊस सांगून येत नाही. जमिनीपासून आढ्यापर्यंत कौले हातोहात देणारी माणसांची साखळी त्यासाठी लागते. म्हणूनच शाकारणी हे वाडीचे काम ठरले. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानीही त्यात हात लावीत. मजुरी नसे, घरधन्याने जेवण घालावे, एवढीच अपेक्षा असे.

मराठी ग्रामजीवनात अशा श्रमाच्या दोन रीती आढळतात. दोन्ही मुळात शेतीच्या आहेत. सावडीत आज एकाकडे केलेले काम उद्या त्याने दुसऱ्याकडे फेडायचे असते. इर्जिकीत शेजारी एका हाकेसरशी येतात, जेवतात आणि जातात. दिवसाची परतफेड मोजली जात नाही. हा भेद येथे महत्त्वाचा आहे. विधवा, वृद्ध दांपत्य किंवा अपंग व्यक्ती सावडीच्या हिशेबात बसूच शकत नाही, कारण तिच्याकडे परत देण्यासारखे श्रम नसतात. तिचे छप्पर इर्जिकीच्या वृत्तीवरच शाकारले जात असे. मात्र ही वृत्तीही केवळ औदार्यावर उभी नव्हती. प्रत्येकाच्या डोक्यावर कौले वा केंबळ होते आणि प्रत्येकालाच शेजाऱ्याची गरज होती, हा तिचा आधार होता.

तो आधारच आता सुटला आहे. ज्यांना परवडले त्यांनी पत्रे चढवले किंवा स्लॅब घातला. दरसाल डागडुजी मागणाऱ्या छपराखाली जे उरले, त्यांत परतफेड करू न शकणारेच अधिक आहेत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले. कौले व पत्रे उडून गेले तेव्हा पावसाळा उंबरठ्यावर होता आणि छपरावर चढणारे हात कमी पडले.

शासकीय योजनांतून ही उणीव भरून निघत नाही. इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी निधीचा काही भाग राखलेला होता. २०१६ मध्ये तिच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेचा (ग्रामीण) भर नव्या पक्क्या घरावर आहे. शिवाय वडिलोपार्जित घर सामाईक असले, तर मुंबई-पुण्यात विखुरलेल्या हिस्सेदारांची संमती जमवणे एकट्या वृद्धेच्या आवाक्यातले नसते. तिला नवे घर नको असते. गळणारे पाखे शाकारून हवे असते.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर दत्तक गावात होते. परंतु ते बहुधा हिवाळ्यात भरते आणि रस्ते झाडण्यातच त्याचे बरेच दिवस खर्ची पडतात. उन्हाळ्यातील श्रमशिबिर अशक्य नाही, हे सोमनाथ येथे मे महिन्यात भरणाऱ्या बाबा आमटे यांच्या श्रमसंस्कार छावणीने अनेक वर्षे दाखवून दिले आहे. शाकारणीसाठी मात्र केवळ संख्या पुरत नाही. पाय वाशावर कोठे द्यायचा, कौलाची खाच रिपेत कशी बसवायची, हे गावातील जुन्या जाणत्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी खाली बसून सांगायचे व विद्यार्थ्यांनी वर चढायचे, अशी विभागणी शक्य आहे. खरी अडचण वेळापत्रकाची आहे : विद्यापीठीय परीक्षा अनेकदा मेपर्यंत लांबतात आणि शाकारणीला जून चालत नाही.