कोंडवाड्याची वही

मुलांनो, तुमच्या गावात कोंडवाडा आहे का? आजी-आजोबांना विचारा, ते लगेच सांगतील. कुणाची गाय किंवा बैल दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला, की त्याला धरून कोंडवाड्यात घालायचे. मालक शोधत शोधत यायचा, दंड आणि चारापाण्याचा खर्च भरायचा आणि आपलं जनावर सोडवून न्यायचा. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांनाही गुरुजी कोंडवाड्याचाच दम द्यायचे!

आमच्या मारुंजीत आता ज्वारीच्या शेतांपेक्षा इमारतीच जास्त दिसतात. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून आहे. रस्त्यात गाय आडवी आली तर लोक गाडीचा हॉर्न वाजवतात, कोंडवाडा कुणाला आठवत नाही. पण जनावरं काही गेली नाहीत. गाई-बैल कमी झाले आणि त्यांच्या जागी रस्त्यावर कुत्री आली. चहाच्या टपऱ्या, चिकनची दुकानं, हॉटेलांमागचे कचऱ्याचे ढीग, जिथं खायला मिळेल तिथं कुत्री. मग रोज एक भांडण ठरलेलं. एक काकू म्हणतात, "या कुत्र्यांना उचलून न्या!" दुसऱ्या म्हणतात, "बिचाऱ्या मुक्या जिवांनी जायचं कुठं?"

मला मात्र या भांडणात तिसराच प्रश्न पडतो. उचलून नेलं, तर त्याची नोंद कोण ठेवणार? आणि ती नोंद बरोबर आहे की नाही, हे कोण तपासणार?

हा प्रश्न नवा नाही बरं का. कोंडवाड्यांसाठी इंग्रजांच्या काळात १८७१ साली एक कायदा झाला होता. त्यात रखवालदाराला वही ठेवायला सांगितली होती. जनावरं किती, दिसायला कशी, कोणत्या दिवशी आणि किती वाजता आणली, आणणाऱ्याचं नाव काय, राहतो कुठं, मालक माहीत असेल तर त्याचं नाव काय, हे सगळं त्या वहीत लिहायचं. जनावराला चारापाणी देणं हेही रखवालदाराचंच काम. सात दिवसांत मालक आला नाही तर वर कळवायचं, दवंडी पिटायची आणि मग लिलाव.

आता यातली गंमत बघा. त्या लिलावात पोलिसांनी किंवा रखवालदारानं जनावर विकत घ्यायचं नाही, असा नियम होता. स्वतःच्या नावावर नाही आणि दुसऱ्याला पुढं करूनही नाही. असं का केलं असेल? विचार करा. रखवालदारालाच चांगली दुभती गाय स्वस्तात मिळणार असेल, तर मालकाला निरोप लवकर पोचेल का? आणि कुणाच्या गोठ्यातली गाय ‘मोकाट सापडली’ म्हणून कोंडवाड्यात यायला वेळ लागेल का? कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता!

वही नसली, की काय होतं? त्यासाठी आपल्याला मुंबईला जावं लागेल, तेही जवळजवळ दोनशे वर्षं मागं.

मुंबईत १८१३ सालापासून उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायचा नियम होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती आणि तेव्हा लसही नव्हती. १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढवली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस ठेवलं. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. त्या काळी ही रक्कम काही कमी नव्हती. आता सांगा, एका कुत्र्याला आठ आणे मिळत असतील, तर ते कुत्रं भटकं की पाळलेलं हे कोण बघत बसेल? शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही मारतात, अशी लोकांची तक्रार होती. पारशी धर्मात तर कुत्र्याला फार मान. ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात पारशी लोक चिडून रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद पडली, गोऱ्या पलटणीची रसदसुद्धा अडली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

पुढं दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी भुलेश्वरला पांजरपोळ सुरू केली. म्हाताऱ्या, लंगड्या, बेवारस जनावरांना तिथं आसरा मिळू लागला. ती पांजरपोळ आजही आहे. कोंडवाडा आणि पांजरपोळ यांतला फरक तुमच्या लक्षात आला ना? कोंडवाड्यातून जनावर परत जायचं असतं. पांजरपोळीत ते राहायलाच येतं.

कुत्र्यांसाठी आज जे नियम आहेत, त्यांत या दोन्हींचा थोडा थोडा अंश आहे. भारतात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० साली झाला. त्याच्या आधारे २००१ मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. कुत्र्याला जाळ्यानं किंवा हातानं, इजा न होऊ देता पकडायचं. कुठून पकडलं ते लिहायचं. निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करायची, म्हणजे पुढं पिल्लं होत नाहीत. रेबीजची लस टोचायची. कानाला छोटी खाच पाडायची. जखम भरली, की जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं.

"तिथंच का? लांब डोंगरात का नाही?" असं मुलं हमखास विचारतात. कारण कचरा तर जागच्या जागी असतो ना! जुनी कुत्री गेली, की शेजारच्या वस्तीतली येतात. ती नवी, एकमेकांना अनोळखी, म्हणून भांडणं जास्त. त्यांना लस दिलीय की नाही, हेही कुणाला ठाऊक नसतं. आणि कुत्रीला पोटात पिल्लं वाढवायला साधारण नऊ आठवडे पुरतात. एका वेळी चार-सहा पिल्लं, वर्षातून दोनदा. पाढे तुम्हाला येतातच. त्यापेक्षा कानाला खाच असलेलं, लस घेतलेलं जुनं कुत्रं गल्लीत बसलेलं बरं.

आता देखरेखीकडं वळू. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि यावर कुणी फारसं बोलतच नाही. नियमांप्रमाणे स्थानिक पातळीवर एक समिती असावी लागते. महापालिका असेल तर तिचे आयुक्त तिचे प्रमुख. आरोग्य खात्याचे, पशुवैद्यकीय खात्याचे आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे लोक तिच्यात असतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेला दर कुत्र्यामागं पैसे मिळतात. पुन्हा तोच आठ आण्यांचा प्रश्न! शंभर शस्त्रक्रिया केल्या असं कागदावर लिहिलं आणि केल्या साठच, तर? म्हणून शस्त्रक्रियेत काढलेले अवयव जपून ठेवून मोजायची पद्धत आहे. किळस येईल तुम्हाला, पण हिशेब पक्का लागतो. वहीतला आकडा आणि बरणीतला आकडा जुळलाच पाहिजे.

निवाऱ्यात ठेवलेल्या कुत्र्यांचा हिशेब आणखी सोप्या रीतीनं तपासता येतो. चला, एक गणित करू. एका कुत्र्याला दिवसाला ३०० ग्रॅम खाणं लागतं असं धरा. वहीत शंभर कुत्री आहेत. दिवसाला किती? ३० किलो. तीस दिवसांच्या महिन्याला ९०० किलो. मग दुकानदाराची बिलं काढा. बिलं जेमतेम ३५० किलोंची निघाली, तर दोनच गोष्टी असू शकतात. एक तर कुत्री तेवढी नाहीत, नाहीतर ती उपाशी आहेत. दोन्ही वाईटच. बघा, चौथीच्या गणितानं निवारा तपासता येतो!

हे गणित आता जास्त गरजेचं झालंय. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक आदेश दिला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि परत तिथंच सोडू नयेत, असं त्यात सांगितलं. म्हणजे इथं ‘जिथून आणलं तिथंच’ हा नियम लागू नाही. मला विचाराल, तर मैदानावर पहिलीची पोरं पळत असताना तिथं कुत्र्यांची टोळी नको, हे मला पटतं. पण ज्या निवाऱ्यातून जनावर परत यायचं नाही, त्याची वही दुप्पट काळजीनं तपासायला हवी. कारण परत आलेल्या कुत्र्याला गल्ली बघू शकते. आत राहिलेल्याला कोण बघणार?

मारुंजीची अडचण आणखी वेगळी आहे. शेजारची पुनावळे आणि ताथवडे ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. तिथं पशुवैद्यकीय विभाग आहे, नेहरूनगरला कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेचं केंद्र आहे. मारुंजीचा कारभार मात्र ग्रामपंचायतीनं बघितलेला. २०२३ च्या नियमांत पंचायतींवरही ही जबाबदारी आहे, पण ग्रामपंचायतीकडं ना डॉक्टर, ना गाडी. आणि कुत्र्याला हद्द कुठं कळते? सकाळी महापालिकेत नाश्ता, संध्याकाळी ग्रामपंचायतीत जेवण!

पाळीव प्राण्यांचीही वही असते, बरं का. महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायचा तर नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये मांजरांच्या नोंदणीचंही ठरवलं. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना हसू आवरेना. मांजर नाव सांगणार कोणतं, मनी की चंपा? सोसायट्यांमधल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याबद्दलही नियम आहे. जागा आणि वेळ ठरवायची. मुलांची खेळायची जागा, जिना, येण्याजाण्याचं दार इथं खाणं टाकायचं नाही.

आणि हो, कानाला खाच असलेलं कुत्रं चावलं, तरी ‘याला लस दिलीय’ म्हणून गप्प बसायचं नाही. लस दरवर्षी टोचावी लागते आणि ती कधी टोचली हे कान सांगत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही. घरी सांगून लगेच सरकारी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस घ्यायचे. आता पोटात चौदा इंजेक्शनं देत नाहीत, घाबरू नका. रेबीज एकदा अंगात भिनला, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून घाई करायची. ही लस पहिल्यांदा लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या मुलावर वापरली. त्याचं वय होतं नऊ, म्हणजे तुमच्याएवढाच. तो वाचला.

लसीची नोंद नीट ठेवली तर काय होतं, हे आपल्या शेजारच्या गोव्यानं दाखवलंय. तिथं पथकं जाळी घेऊन गावोगाव फिरली, कुत्र्यांना लस देत गेली आणि शाळाशाळांत जाऊन मुलांना चावण्यापासून कसं वाचायचं ते शिकवलं. जून २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित’ जाहीर झाला. तोवर तीन वर्षं तिथं रेबीजनं एकही माणूस गेला नव्हता.

तुम्हाला तुमच्या गल्लीची वही करायची असेल, तर एक रविवार पुरेल. मोठं माणूस बरोबर घ्या आणि लांबूनच बघा, हात लावायला जाऊ नका. सकाळी लवकर निघा, दुपारी कुत्री गाड्यांखाली झोपतात आणि आकडा चुकतो. रकाने चार करा: नर, मादी, पिल्लं, कानाला खाच. पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच रस्त्यानं पुन्हा मोजा. घरचं कुणी ग्रामसभेला जाणार असेल, तर तो कागद त्यांच्या हाती द्या. खाच नसलेल्या माद्या किती, हा आकडा तेवढा मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढच्या वर्षीची पिल्लं तिथूनच येणार आहेत.